वेल्सच्या खेड्यांतील आगगाडी : जुन्या छायाचित्रांच्या साक्षीनें

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं बखरी, सनदा, ताम्रपट, पत्रव्यवहार आणि सरकारी दप्तरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. या मंडळींत छायाचित्र हें वयानें सर्वांत लहान. त्याची कला जगाला कळली ती १८३९ सालीं. आणि लहान मुलाविषयीं असतो तसाच एक गोड समज त्याच्याविषयींही रूढ आहे, तो असा कीं, तें खोटें बोलत नाहीं. कागद लिहिणारा मनुष्य पक्षपाती असूं शकेल, पण कांचेच्या भिंगाला पक्ष कोठला, असें सामान्यत: समजलें जातें. वस्तुत: छायाचित्रही बखरीसारखेंच असतें. तें कोणीं तरी, कोणासाठीं तरी, कांहीं हेतु धरून तयार केलेलें असतें. आणि चौकटींत काय घ्यावें हें जसें त्यानें ठरविलेलें असतें, तसेंच चौकटीबाहेर काय ठेवावें हेंही त्यानेंच ठरविलेलें असतें. ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम भागांतील वेल्स या चिमुकल्या देशाचे ग्रामीण रेल्वेमार्ग हें याचें बोलकें उदाहरण आहे. त्यांतले बहुतेक मार्ग आतां नाहींत. रूळ उखडले गेले, पुलांच्या कमानींवर गवत वाढलें, कित्येक स्टेशनांचीं राहतीं घरें झालीं. मागें उरलीं आहेत तीं छायाचित्रें. आणि तीं इतकीं मनोहर आहेत कीं, तीं पाहून जी हळहळ वाटते ती गेलेल्या गाडीबद्दलची कीं चित्राबद्दलची, हें ठरविणें कठीण व्हावें.

वेल्सचें क्षेत्रफळ सुमारें आठ हजार चौरस मैल. दक्षिणेकडच्या दऱ्यांत दगडी कोळसा, वायव्येच्या डोंगरांत पाटीचा दगड, आणि या दोहोंच्या मध्यें गवत, मेंढ्या, पाऊस व विखुरलेलीं खेडीं, अशी त्याची स्थूल रचना. कोळशाच्या दऱ्यांतील रेल्वे श्रीमंत होती; तिचा इतिहास हा भांडवलाचा व बंदरांचा इतिहास आहे. येथें विचार करावयाचा तो मधल्या आणि उत्तरेकडील गरीब रेल्वेचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मोठ्या इंग्रज कंपन्यांना या डोंगरांत फारसा फायदा दिसत नव्हता. म्हणून येथील कित्येक मार्गांसाठीं स्थानिक जमीनदार, व्यापारी आणि शेतकरी यांनीं भांडवल उभारलें. अशा कांहीं कंपन्या १८६४ सालीं एकत्र येऊन ‘केंब्रियन रेल्वेज’ ही संस्था जन्मास आली. नांव मोठें आणि तिजोरी लहान, अशा स्थितींत तिचा संसार १९२२ सालीं ती ग्रेट वेस्टर्न रेल्वेंत विलीन होईपर्यंत चालला.

या मार्गांच्या बांधणींत लानडिनाम गांवच्या डेव्हिड डेव्हिसचें (१८१८–१८९०) नांव अग्रभागीं येतें. तरुणपणीं लांकडें करवतणारा हा शेतकऱ्याचा मुलगा पुढें कंत्राटदार झाला, कोळशाच्या खाणींचा धनी झाला आणि पार्लमेंटांतही जाऊन बसला. टालेरदिग येथें त्यानें १८६२ सालीं पुरी केलेली खडकांतील खिंड १२० फूट खोल होती. रेल्वेसाठीं खोदलेली इतकी खोल खिंड त्या काळीं जगांत दुसरी नव्हती. १८६३ च्या जानेवारींत तींतून मखन्थलेथपर्यंत गाडी धावूं लागली, आणि १८६४ सालीं ती समुद्रकांठच्या अॅबरिस्टविथला पोहोंचली. १८६७ सालीं बारमथच्या खाडीवर लांकडी खांबांचा लांबलचक पूल उभा राहिला. तो अद्यापि उभा आहे. १९८० सालीं त्याचे खांब समुद्री किड्यांनीं पोखरल्याचें आढळलें तेव्हां त्याची आशा सुटत चालली होती, परंतु दुरुस्ती होऊन तो वांचला. डेव्हिसचा पुतळा त्याच्या गांवीं आहे. ज्या मजुरांनीं सुरुंगांनीं तो खडक फोडला त्यांचे चेहरे मात्र आज कोणी ओळखत नाहीं. कॅमेरा त्या काळीं अस्तित्वांत होता. पण छायाचित्र काढवून घेणें हा पैसेवाल्यांचा विषय होता. छायाचित्रांच्या साक्षींतील हा पहिला खाडा होय.

हा खाडा थोडाबहुत भरून काढण्याचें श्रेय जॉन टॉमस (१८३८–१९०५) या छायाचित्रकाराकडे जातें. कार्डिगनशायरच्या एका खेड्यांत जन्मलेला हा मुलगा १८५३ सालीं लिव्हरपूलला कापडाच्या दुकानांत नोकरीस लागला. पुढें तो लेखनसाहित्य व प्रसिद्ध पुरुषांचीं छोटीं छायाचित्रें विकण्याचा फिरता व्यवसाय करूं लागला. आपल्या विक्रीच्या मालांत वेल्श माणसें जवळजवळ नाहींतच, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. त्यानें स्वत: कॅमेरा हातीं घेतला, वेल्श धर्मोपदेशकांचीं छायाचित्रें काढण्यापासून आरंभ केला आणि १८६७ सालीं ‘केंब्रियन गॅलरी’ ही चित्रशाळा काढली. त्यानंतर कित्येक वर्षें तो वेल्सच्या खेड्यापाड्यांतून हिंडत राहिला. कवि आणि उपदेशक यांच्या जोडीला म्हाताऱ्या बाया, दगडफोडे, शाळेंतलीं मुलें, गांवांतले विक्षिप्त म्हणून ओळखले जाणारे लोक यांनाही त्यानें आपल्या कांचेवर जागा दिली. त्याच्या संग्रहांतील तीन हजारांहून अधिक तबकड्या आज अॅबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. सर ओ. एम. एडवर्ड्स या विद्वान् संपादकानें त्या विकत घेऊन आपल्या ‘कमरी’ मासिकांत त्यांचा उपयोग केला, म्हणूनच त्या एकत्र टिकल्या.

टॉमसच्या काळांतील छायाचित्रांचा एक विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्या वेळच्या कांचेला प्रकाश टिपण्यास कांहीं सेकंद लागत. तेवढा वेळ सर्वांनीं स्तब्ध उभें राहणें अवश्य असे. जो हलला तो चित्रांतून पुसट झाला. यामुळें जुन्या रेल्वे-छायाचित्रांत गाडी धावतांना सहसा दिसत नाहीं. ती उभी असते, आणि तिच्यापुढें ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, स्टेशनमास्तर व हमाल ओळीनें, छाती पुढें काढून, गंभीर मुद्रेनें उभे असतात. आजच्या प्रेक्षकाला त्यावरून वाटतें कीं, तो काळच शांत, स्थिर आणि घाईविरहित होता. तें खरें नव्हे. ती शांतता रसायनानें लादलेली होती. रेल्वे ही त्या खेड्यांतील अत्यंत चंचल वस्तु होती. तिनेंच तेथें घाई आणली, घड्याळ आणलें, आणि आजवर जागेवरून न हललेल्या माणसांना हलविलें.

किती हलविलें याचें उत्तर छायाचित्रांत सांपडत नाहीं, तें शिरगणतींत सांपडतें. टॉमसच्या जन्मगांवाचा कार्डिगनशायर जिल्हा घ्यावा. १८७१ सालीं त्याची लोकसंख्या सुमारें ७३ हजार होती. १९५१ सालीं ती सुमारें ५३ हजारांवर आली होती. म्हणजे गाडी आल्यावर अवघ्या कांहीं वर्षांत लोकसंख्येनें शिखर गांठलें, आणि पुढचीं ऐंशी वर्षें ती घटत गेली. याचा दोष एकट्या रेल्वेला देणें अन्यायाचें होईल. शिशाच्या खाणी बंद पडल्या, डोंगरांतील शेती परवडेनाशी झाली, आणि दक्षिणेकडील कोळशाच्या खाणींत रोख मजुरी मिळूं लागली. परंतु गांव सोडण्याची वाट सोपी केली ती रेल्वेनेंच. या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबांनीं लंडनला जाऊन दुधाचीं दुकानें थाटलीं, आणि लंडनमधील वेल्श गवळी ही एक प्रसिद्ध जात होऊन बसली. फलाटावर ओळीनें उभ्या असलेल्या त्या गंभीर मंडळींच्या पाठीमागें जी गाडी दिसते, ती गांवांत माल आणणारी होती तशीच गांवांतून माणसें नेणारीही होती.

विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅमेऱ्याचा धनी बदलला. १९०२ सालीं ब्रिटिश टपालखात्यानें पोस्टकार्डाच्या पाठीवर पत्ता व मजकूर दोन्ही लिहिण्यास मुभा दिली. त्यामुळें पुढची सबंध बाजू चित्राला मोकळी झाली आणि चित्रकार्डांचें पीक आलें. वेल्समधील लहानसहान स्टेशनांचींही कार्डें निघालीं. स्टेशनमास्तरानें निगुतीनें जोपासलेला फुलांचा वाफा, रॉकेलचे दिवे, दुधाचे उंच कॅन, गुरांचा कोंडवाडा, आणि मागें धुक्यांतला डोंगर. हीं चित्रें सहलीस आलेल्या इंग्रज पाहुण्यासाठीं काढलेलीं होतीं, हें स्टेशनांच्या पाट्यांवरूनच समजतें. टविनचें ‘टोविन’, पोर्थमादोगचें ‘पोर्टमॅडॉक’, डोल्गेथ्लायचें ‘डॉल्जेली’, अशीं इंग्रजी जिभेला सोयीचीं नांवें त्या पाट्यांवर मोठ्या अक्षरांत रंगविलेलीं दिसतात. पाटीखालीं उभा असलेला हमाल घरीं वेल्श बोलत असे, पण चित्र मुकें असल्यामुळें ती भाषा त्यांत उमटली नाहीं. हीं नांवें सरकारी पाट्यांवर आपल्या मूळ रूपांत परत येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

चित्रकार्डांवरील हीं स्टेशनें पाहून वाटावें, येथें काम तें काय असणार! दिवसांतून चार-दोन गाड्या यावयाच्या, बाकी वेळ फुलझाडांना पाणी घालावयाचें. या भाबड्या कल्पनेला छेद देणारीं छायाचित्रेंही आहेत. तीं २६ जानेवारी १९२१ रोजीं अॅबरम्यूल या खेड्याजवळ झालेल्या अपघाताचीं. केंब्रियन रेल्वेचा मार्ग येथें एकेरी होता. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊं नयेत म्हणून प्रत्येक टप्प्यासाठीं धातूची एक तबकडी असे, तिला ‘टॅब्लेट’ म्हणत. त्या टप्प्याची तबकडी हातीं पडल्याखेरीज ड्रायव्हरनें गाडी पुढें न्यावयाची नाहीं, आणि एका वेळीं यंत्रांतून एकच तबकडी निघावयाची, अशी ती योजना होती. यंत्रांत दोष नव्हता. त्या दिवशीं स्टेशनांतील मंडळींनीं मात्र परस्परांवर विसंबून काम केलें. आलेल्या संथ गाडीच्या ड्रायव्हरकडून घेतलेली जुनी तबकडीच हातोहात फिरून त्याला परत देण्यांत आली; ती नव्या टप्प्याची आहे असें प्रत्येकानें गृहीत धरलें, आणि ड्रायव्हरनेंही तिजवरील अक्षरें वाचलीं नाहींत. गाडी सुटली, आणि समोरून अॅबरिस्टविथहून येणारी जलद गाडी तिला भिडली. १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत खुद्द केंब्रियन रेल्वेचे एक संचालक लॉर्ड हर्बर्ट व्हेन-टेंपेस्ट हेही होते. खेड्यांतील स्टेशनची शांतता ही शिस्तीनें राखलेली शांतता होती, आणि ती शिस्त एक क्षण ढिली पडली तर काय होतें, हें त्या चुरडलेल्या डब्यांच्या छायाचित्रांनीं सांगितलें.

रुंद रुळांच्या या मार्गांखेरीज वेल्समध्यें अरुंद रुळांच्या रेल्वेचें एक निराळें कुटुंब होतें. त्याचा जन्म पाटीच्या खाणींतून झाला. फेस्टिन्योग रेल्वे १८३६ सालीं सुरू झाली तेव्हां तिला इंजिन नव्हतें. पाट्यांनीं भरलेले डबे उतारानें आपोआप बंदराकडे येत, आणि रिकामे डबे घोडे वर ओढून नेत. १८६३ सालीं तींत वाफेचें इंजिन आलें. तिच्या रुळांमधील अंतर जेमतेम दोन फूट, म्हणजे १९०७ सालीं सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाइतकेंच आहे. इतक्या अरुंद रुळांवर वाफेचें इंजिन खात्रीनें चालतें हें फेस्टिन्योगनें दाखविलें, आणि जगभरच्या डोंगराळ प्रदेशांतील अभियंत्यांनीं तिच्याकडून धडा घेतला. वेल्शपूलहून लानवायर या गांवीं जाणारा मार्ग १९०३ चा. त्याचें माप अडीच फूट, म्हणजे १८९७ सालच्या बार्शी लाइट रेल्वेचेंच माप. महाराष्ट्रांतील ज्या वडील मंडळींनीं कुर्डुवाडीहून त्या छोट्या गाडीनें पंढरीची वारी केली असेल, त्यांना वेल्समधील या गाड्यांचीं छायाचित्रें परकीं वाटणार नाहींत. बार्शीची गाडी आतां रुंदमापी झाली आहे. लानवायरच्या गाडीनें १९३१ सालीं उतारू आणि १९५६ सालीं माल वाहणें सोडलें.

पहिल्या महायुद्धानंतर मोटार-बस आणि मालमोटार खेड्यांत शिरल्या, तेव्हांच या सर्व रेल्वेंच्या उतरणीस आरंभ झाला. बस घराच्या दाराशीं येई. स्टेशन मात्र पुष्कळदां गांवापासून मैल-दीड मैल दूर असे. याच सुमारास तिसऱ्या प्रकारचा छायाचित्रकार अवतरला, तो म्हणजे रेल्वेचा शौकीन. इंग्लंडमधील एच. सी. कॅसर्ली (१९०३–१९९१) हे या वर्गांतले अग्रणी. अशा मंडळींनीं नोकऱ्या सांभाळून, सुट्ट्यांत आडमार्गांनीं प्रवास करून, इंजिनांची आणि स्टेशनांची जी नोंद केली तिला तोड नाहीं. वेल्समधील कित्येक थांबे आज केवळ त्यांच्या छायाचित्रांमुळें माहीत आहेत. परंतु त्यांचें लक्ष इंजिनावर असे. इंजिनाचा क्रमांक स्वच्छ यावा, चाकें दिसावींत, धूर सुंदर उठावा, ही त्यांची इच्छा. मध्येंच कोणी बाई टोपली घेऊन आडवी आली तर ती जाईपर्यंत ते थांबत असावेत. शिवाय त्यांचा प्रवास बहुधा उन्हाळ्यांतला. त्यामुळें या छायाचित्रांतील वेल्समध्यें पाऊस क्वचितच पडतो. गाडींत उतारू किती आहेत हें त्यांनीं सहसा नोंदलें नाहीं. पण चित्रांतल्या रिकाम्या खिडक्या मोजल्या तर तेंही कळतें.

आणि त्या खिडक्यांनींच शेवटीं निकाल दिला. १ जानेवारी १९४८ रोजीं ब्रिटनमधील रेल्वेंचें राष्ट्रीयीकरण झालें. तोटा आतां सरकारच्या खात्यावर पडूं लागला. मोटलेनहून ब्रेकनला जाणारा मध्य-वेल्सचा मार्ग १९६२ च्या अखेरीस बंद झाला. २७ मार्च १९६३ रोजीं डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा सुप्रसिद्ध अहवाल बाहेर पडला. सुमारें पांच हजार मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्टेशनें बंद करावींत असें त्यांत सुचविलें होतें. अहवालांतील आंकडे सर्वस्वीं चूक होते असें म्हणतां येणार नाहीं; बहुतेक मार्ग खरोखरच तोट्यांत होते. पण जो मार्ग मैलामागें तोटा दाखवितो तो गांवामागें काय देतो, याचें कोष्टक त्या अहवालांत नव्हतें. रुआबन-बारमथ आणि कारमार्दन-अॅबरिस्टविथ हे दोन लांब मार्ग १९६४ च्या डिसेंबरांतील पुरांत जागोजाग तुटले, आणि दुरुस्तीचा खर्च न करतां १९६५ च्या आरंभीं त्यांचा निरोप घेण्यांत आला. कारमार्दन मार्गाच्या एका भागावर दुधाच्या टाक्या वाहणाऱ्या गाड्या तेवढ्या १९७३ पर्यंत चालल्या. हा मार्ग ५६ मैलांचा होता. आज अॅबरिस्टविथहून कारमार्दनला रेल्वेनें जावयाचें तर प्रथम पूर्वेस श्रूझबरीला, म्हणजे इंग्लंडांत जाऊन, पुन्हां वेल्समध्यें परतावें लागतें. देशाच्या एका भागांतून दुसऱ्या भागांत जाण्यास परक्या देशाचा उंबरठा ओलांडावा लागावा, ही गोष्ट वेल्श मनाला अद्यापि बोंचते.

छायाचित्रांच्या साक्षीची खरी कसोटी लागते ती कापेल केलिन या खेड्यापाशीं. बाला आणि ब्लायनाय फेस्टिन्योग यांना जोडणारा ग्रेट वेस्टर्नचा मार्ग १८८२ सालीं सुरू झाला. अरेनिग डोंगराच्या पायथ्यानें, नऊ कमानींच्या कुम प्रिसोर पुलावरून, ओसाड माळ ओलांडीत तो जाई. १९३० सालीं कापेल केलिनला एक छोटा थांबा मिळाला. प्रार्थनामंदिर, शाळा, टपालघर आणि आसपासचीं शेतघरें, एवढाच त्या गांवाचा पसारा. भाषा मात्र अस्सल वेल्श. लिव्हरपूल शहराला पाणी हवें होतें. त्यासाठीं ट्रवेरिन नदीवर धरण बांधून हें खोरें बुडवावें असा कायदा १९५७ सालीं पार्लमेंटनें संमत केला. वेल्सच्या ३६ प्रतिनिधींपैकीं एकानेंही त्याच्या बाजूनें मत दिलें नाहीं, तरी तो संमत झाला. रेल्वेमार्ग तोट्यांत होताच. आतां त्याचा कांहीं भाग पाण्याखालीं जावयाचा ठरल्यामुळें त्याला वांचविण्याची भाषाही संपली. १९६० च्या जानेवारीच्या आरंभीं शेवटची उतारू गाडी धावली, आणि पुढच्या वर्षाच्या जानेवारींत मालगाडीही थांबली. खोऱ्यांतील ६७ रहिवाशांपैकीं ४८ जणांचीं घरें गेलीं. २१ ऑक्टोबर १९६५ रोजीं धरणाचें उद्घाटन झालें.

या एकाच जागेचीं दोन प्रकारचीं छायाचित्रें उपलब्ध आहेत. एक प्रकार रेल्वेशौकिनांचा. त्यांत ठेंगणें इंजिन, दोन डबे, अरेनिगचा डोंगर आणि आकाश आहे. चित्र पाहतांच मन हळवें होतें. दुसरा प्रकार जॉफ चार्ल्स (१९०९–२००२) यांचा. हे ‘अ कमरो’ या वेल्श साप्ताहिकाचे वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या जन्मभरच्या कामाच्या सुमारें १,२०,००० निगेटिव्ह आज त्याच राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. १९५६ च्या नोव्हेंबरांत कापेल केलिनचे गांवकरी, बायकामुलांसह, फलक घेऊन लिव्हरपूलच्या रस्त्यांतून चालत गेले. शाळेंतलीं मुलें शेवटचे धडे शिकलीं. १९६३ सालीं प्रार्थनामंदिरांत शेवटची उपासना झाली. घरें पाडलीं गेलीं. गांव कसें संपलें याची कथा चार्ल्स यांच्या छायाचित्रांतून अशी क्रमानें उलगडते. पहिल्या प्रकारांत गाडी आहे आणि गांव नाहीं. दुसऱ्यांत गांव आहे आणि गाडी पार्श्वभूमींत गेली आहे. एक गट पाहणाऱ्याला गाडी गेल्याचें दु:ख होईल. दोन्ही गट शेजारीं मांडले तर त्याला दिसेल कीं, गाडी हें एका मोठ्या हानीचें केवळ एक अंग होतें, आणि ती हानि निसर्गानें वा काळानें केलेली नसून एका शहराच्या नगरपालिकेनें ठराव करून केलेली होती. लिव्हरपूलच्या नगरपालिकेनें २००५ सालीं याबद्दल जाहीर क्षमा मागितली. तोंपर्यंत गांव पाण्याखालीं जाऊन ४० वर्षें लोटलीं होतीं.

याच्या उलट एक सुखाचीही कथा आहे. टविनहून डोंगरांत जाणारी टालिथ्लिन रेल्वे ही पाटीच्या खाणीसाठीं १८६५ च्या सुमारास बांधली गेली. तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स हे कित्येक वर्षें पार्लमेंटचे सभासद होते. आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालेल, असा त्यांचा शब्द होता. १९४६ सालीं खाण बंद पडली, तरी त्यांनीं तो शब्द पाळला. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणाच्या यादींतून ही इवलीशी रेल्वे सुटली. १९५० सालीं सर हेडन वारले, तेव्हां चालण्याजोगें एकच इंजिन उरलें होतें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लेखक टॉम रोल्ट व त्यांचे मित्र बर्मिंगहॅम येथें जमले; त्यांनीं मंडळ स्थापिलें, आणि १९५१ च्या मेपासून विनावेतन काम करणाऱ्या हौशी लोकांनीं ती रेल्वे चालविण्यास आरंभ केला. अशा रीतीनें जगांत वांचविली गेलेली ही पहिली रेल्वे. फेस्टिन्योग १९५५ पासून टप्प्याटप्प्यानें आणि लानवायर १९६३ पासून तिच्या मागोमाग पुन्हां चालूं लागल्या. या कामांत जुन्या छायाचित्रांचा फार उपयोग झाला. दिवा कोठें टांगलेला होता, पाटीचीं अक्षरें कोणत्या वळणाचीं होतीं, डब्याची पायरी किती रुंद होती, असे प्रश्न कांचेच्या तबकड्यांनीं सोडविले.

तरीही या पुनर्जन्माची मर्यादा ओळखणें भाग आहे. आज टविनहून सुटणारी गाडी प्रवाशांना डोंगर दाखवून परत आणते. तिच्या टोंकाला आतां खाण नाहीं आणि खाणींतला कामगारही नाहीं. चित्राबरहुकूम पाटी रंगवितां येते, इंजिन घांसूनपुसून चमकवितां येतें. पण जी शेतकरीण आठवड्याच्या बाजारासाठीं अंडीं घेऊन या गाडींत चढत असे तिला परत आणतां येत नाहीं. जुन्या छायाचित्रांवरून वस्तु पुन्हां घडविली जाते, समाज घडत नाहीं. हें सांगण्यांत त्या हौशी मंडळींचा उणेपणा नाहीं. त्यांनीं जें वांचविलें तें त्यांच्यावांचून भंगारांत गेलें असतें, आणि या गाड्यांमुळें तेथील गांवांना पाहुण्यांपासून कांहीं मिळकतही होते.

जॉन टॉमस, चित्रकार्डवाले, रेल्वेचे शौकीन आणि जॉफ चार्ल्स, असे हे चार साक्षीदार. कोणीही जाणूनबुजून खोटें बोललेला नाहीं, पण कोणाचीही साक्ष एकटी पुरेशी नाहीं. टॉमसच्या निश्चल माणसांशेजारीं शिरगणतीचे आंकडे ठेवावे लागतात; चित्रकार्डाच्या फुलांशेजारीं अॅबरम्यूलचा चौकशी-अहवाल ठेवावा लागतो; रिकाम्या फलाटाशेजारीं लिव्हरपूलच्या रस्त्यांतला मोर्चा ठेवावा लागतो. असें केलें म्हणजे जुन्या गाडीविषयींचें ममत्व कमी होत नाहीं. उलट तें डोळस होतें. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें टॉमसच्या आणि चार्ल्स यांच्या संग्रहांतील हजारों छायाचित्रें आतां कोणालाही घरबसल्या पाहतां येतील अशीं खुलीं केलीं आहेत. त्यांतल्या पुष्कळ चेहऱ्यांना नांवें आहेत, पुष्कळांना नाहींत. इंजिनाचें नांव त्याच्या अंगावर कोरलेलें असतें, तें सहसा हरवत नाहीं. त्याच्या शेजारीं उभ्या असलेल्या हमालाचें नांव मात्र त्याला ओळखणारा शेवटचा मनुष्य गेला कीं कायमचें जातें. घरोघरीं जुन्या छायाचित्रांचे अल्बम कपाटांत पडलेले असतात. त्यांतील मंडळींचीं नांवें, गांव आणि साल पाठीमागें पेन्सिलीनें लिहून ठेवणें, एवढें इतिहासाचें काम कोणालाही करतां येण्याजोगें आहे, आणि तें उद्यांवर टाकण्याजोगें नाहीं.